सहाव्या मजल्यावर स्टिंगरे पाळायचा आहे. जागा, पाणी आणि काटा याबद्दल सल्ला हवा

घोडबंदरी
नमस्कार मंडळी,
फ्लॉवरहॉर्न झाला, ऑस्करची जोडी झाली, अरोवाना अजून आहे. आता डोक्यात स्टिंगरे (शेपटीला विषारी काटा असलेला चपटा मासा) बसलाय. गेल्या रविवारी एका दुकानात मोटोरोची (नदीतल्या रेची एक जात) दोन पिल्लं पाहिली. पुरणपोळीएवढी. काचेला पोट लावून वर चढायची आणि परत खाली वाळूत जाऊन बसायची. आमची कन्या (वय ६) तिथून हलेना.

दुकानदाराचं म्हणणं असं: चार फुटी टाकी पुरते, रे टाकीच्या मानानेच वाढतो, पंधरा दिवसांनी थोडं पाणी बदललं की झालं. शेपटीचा काटा तो स्वतः कापून देणार, त्यामुळे घरात लहान मूल असलं तरी काळजी नाही.

आमची परिस्थिती: घोडबंदर रोड, सहावा मजला, हॉल १० × १५ फूट. उन्हाळ्यात सोसायटीत टँकर येतात. इन्व्हर्टर आहे. बायकोने अजून हो म्हटलेलं नाही, पण नाहीही म्हटलेलं नाही. ज्यांनी पाळलेत त्यांनी खरं काय ते सांगा.

उगाच_एक
पाखटाचं (समुद्रातल्या स्टिंगरेचं) कालवण झकास होतं, एवढंच ज्ञान. खुर्ची टाकून बसलोय.

टाकीवेडा
घोडबंदरी, माझ्याकडे पुण्यात मोटोरोची एक मादी आहे. तळमजल्यावर, गाडीची जागा तिला दिलीय आणि गाडी रस्त्यावर असते. यावरून काय तो अंदाज घ्या.

'टाकीच्या मानाने वाढतो' हे या धंद्यातलं सगळ्यात जुनं वाक्य. अडचणीत आणि घाण पाण्यात ठेवलेला मासा खुरटतो आणि मग लवकर मरतो, त्याला लोक 'मानाने वाढणं' म्हणतात. मोटोरोचं पिल्लू जन्मतं तेव्हा डिस्क (गोल चपटं अंग) साधारण १० सेंटीमीटरची असते. घरच्या टाक्यांत ४५-५० सेंटीमीटरच्या माद्या पाहायला मिळतात, नदीत त्याहून मोठ्या. शेपटी वेगळी धरा. चार फुटी टाकीची रुंदी असते दीड फूट, म्हणजे ४५ सेंटीमीटर. ती वळणार कुठून?

रे घ्यायचा तर टाकीची लांबी नंतर, आधी रुंदी विचारा. तीन फुटांच्या खालची रुंदी मी एका प्रौढ मोटोरोलाही देणार नाही. ८ × ३ × २ फूट ही कामाची टाकी, पाणी साधारण १३५० लिटर. 'पिल्लाला आत्ता छोटी घ्या, मोठी मग बघू' असं म्हणतील. त्या 'मग'च्या वाट बघणाऱ्या चार फुटी टाक्या मी बऱ्याच पाहिल्यात.

आणि आयुष्य नीट ठेवलं तर पंधरा-वीस वर्षं. तुमची कन्या तोवर नोकरीला लागेल.

बीमकॉलम
१३५० लिटर वाचून थांबलो. नाशिकला स्ट्रक्चरल डिझाइनचं काम करतो, म्हणून हा रुक्ष प्रतिसाद.

राहत्या खोल्यांचा स्लॅब आयएस ८७५ (इमारतीवरच्या भारांचं भारतीय मानक) च्या दुसऱ्या भागाप्रमाणे चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे ढोबळमानाने २०० किलो वापराचा भार धरून आखतात. टाकीत दोन फूट पाणी भरलं की तिच्याखालच्या प्रत्येक चौरस मीटरवर ६१० किलो येतात. गंमत अशी की टाकी लांब करा, रुंद करा, हा आकडा हलत नाही. तो फक्त पाण्याच्या उंचीवर ठरतो.

८ × ३ × २ मध्ये पाणी १.३५ टन. १२ मिलिमीटरची काच धरली तर काचेचे १९० किलो. वाळू, लोखंडी स्टँड आणि खालचा संप (फिल्टरची टाकी) धरून दोन टनांच्या आसपास जातं. तुमच्या हॉलचं क्षेत्रफळ १४ चौरस मीटर, म्हणजे अख्ख्या हॉलसाठी धरलेला भार २८०० किलो. त्यात सोफा, कपाट, गणपतीला जमणारी माणसं सगळी आली. यातले दोन टन तुम्ही एका भिंतीशी कायमचे ठेवणार. दुसऱ्या दिवशी स्लॅब खाली जाईल असं मी म्हणत नाही. वर्षानुवर्षं वाकून राहील, खालच्यांच्या छताला तडे जातील, आणि मग सोसायटीची मीटिंग.

करायचंच असेल तर बिल्डिंगचे ड्रॉइंग काढा, बीम कुठून जातो ते बघा, टाकी बीमवर किंवा कॉलमजवळ बसवा, आणि इंजिनिअरला प्रत्यक्ष घरी बोलवा, इथे विचारून करू नका. गॅलरीत तर अजिबात नाही. मजला सहावा की पहिला याने काही फरक पडत नाही, फरक फक्त तळमजल्याने पडतो.

एक विचारतो: दोन फूट उंची कशाला हवी? रे तळाशीच राहतो ना?

टाकीवेडा
@बीमकॉलम, बरोबर पकडलंत. दीड फूट पाणी रेला पुरतं. अरोवाना सोबत ठेवायचा असतो म्हणून लोक उंच टाक्या करतात.

बीमकॉलम
मग दीड फूटच भरा, ४५७ किलोवर येतं. तरीही दुपटीहून जास्त, पण बोलण्यासारखं.

देवबागची_डॉक्टर
काट्याबद्दल मी बोलते. आमच्याकडे रापणीवरचे (किनाऱ्यावरून जाळं ओढणारे) लोक पाखटाचा काटा लागून येतात. ती समुद्रातली, पण नदीतल्या रेच्या काट्याची रचना तीच: दोन्ही कडांना उलटे दात आणि वरून पातळ त्वचा, त्या त्वचेतच विष. काटा आत जाताना त्वचा फाटते आणि विष जखमेत उतरतं. वेदना एवढी असते की वादळात न डगमगणारा माणूस ओरडतो. नदीतल्या रेच्या जखमेत आजूबाजूचं मांस कुजण्याचा त्रास जास्त होतो. ब्राझीलमध्ये नदीकाठच्या दवाखान्यांना हे रोजचं आहे.

घरी झालं तर: जखम स्वच्छ पाण्याने धुवायची. मग हात किंवा पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात, ४३ ते ४५ अंश, अर्धा ते दीड तास. विष प्रथिनांचं असल्यामुळे उष्णतेने निकामी व्हायला लागतं आणि दुखणं उतरतं. पाणी दुखऱ्या हाताने तपासू नका, त्याला चटका कळत नाही. चांगल्या हाताने किंवा थर्मामीटरने तपासा. बर्फ नको, घट्ट पट्टी आवळणं नको, हळद-चुना नको. त्यानंतर दवाखाना गाठायचाच, दुखणं थांबलं तरी. काट्याचा तुकडा आत राहिलाय का ते एक्स-रेने बघतात, धनुर्वाताचं इंजेक्शन देतात, गरजेप्रमाणे अँटिबायोटिक. काटा छाती, पोट किंवा मानेत रुतला असेल तर ओढून काढायचा नाही, तसंच रुग्णालयात न्यायचं.

काटा कापून देतो म्हणणाऱ्याचं ऐकू नका. काटा ठरावीक काळाने गळतो आणि नवा येतो. पुष्कळदा जुना गळायच्या आधीच नवा शेजारी उगवलेला असतो. कापल्यावर तुम्ही निर्धास्त होणार, त्या मासळीला मात्र तुम्ही निर्धास्त झाल्याचं माहीत नसतं.

मुलगी सहा वर्षांची असेल तर टाकीला झाकण आणि कडी लावा. हे मत नाही, अट समजा.

वेसावकर
डॉक्टरताई बरोबर बोलतात. आमच्याकडं डोलजाळ्यात पाखट आली की पहिलं काम शेपटीचं. काटा मोडल्याबिगर कोन हात नाय लावत. आजोबा सांगायचे, मेलेल्या पाखटीवर पन पाय देऊ नको.

भाऊ, तुम्ही टाकीत काय करनार ते तुम्हाला ठावं, पन तिला कपड्याच्या जाळीनं धरू नका. काटा जाळीत अडकला की ती पन हैरान, तुम्ही पन.

टाकीवेडा
अगदी. हलवायचं झालं तर प्लॅस्टिकचा टब पाण्याखाली न्यायचा आणि तिला पाण्यासकट आत घ्यायचं. टाकीत हात घालताना ती कुठे आहे हे आधी डोळ्यांनी बघायचं, वाळूत पुरून घेते तेव्हा फक्त डोळे दिसतात. मी टाकी साफ करताना मध्ये ॲक्रिलिकची पाटी उभी करतो. रे स्वतःहून अंगावर येत नाही. अंगावर पाय पडला, कोपऱ्यात कोंडलं किंवा दाबलं तरच शेपटी मारतो. हाताने खाऊ घालायचे व्हिडिओ बघून मुलीला ते करू देऊ नका.

उगाच_एक
टीव्हीवरचा मगरवाला स्टीव्ह अर्विन आठवला, रेच्या काट्याने गेलेला.

देवबागची_डॉक्टर
२००६ मध्ये त्याला लागला तो ऑस्ट्रेलियाच्या समुद्रातला मोठा रे होता आणि काटा छातीत लागला. हातापायाला लागलेल्या जखमेने माणूस सहसा दगावत नाही, पण बोट गमावू शकतो. घाबरवायचं नाहीये, पण प्रमाण कळलेलं बरं.

जीवशास्त्राच्या_बाई
थोडं शाळेतलं बोलू द्या, शेवटी पाण्यावरच येणार आहे.

रे हे शार्कचे चुलत भाऊ, अंगात हाड नाही, सगळी कूर्चा. समुद्रातले शार्क आणि रे रक्तात भरपूर युरिया साठवून ठेवतात, त्यामुळे बाहेरच्या खाऱ्या पाण्याशी त्यांचा तोल राहतो. दक्षिण अमेरिकेतल्या या नदीवासी रेंचे पूर्वज कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्र खंडाच्या आत शिरला तेव्हा आत आले आणि तिथेच राहिले. त्या काळात युरिया साठवायची क्षमताच त्यांनी गमावली. त्यांना हळूहळू खाऱ्या पाण्यात नेलं तरी ती परत येत नाही. म्हणून आपल्याकडचा 'मासा मलूल दिसतोय, मूठभर मीठ टाक' हा घरगुती इलाज रेवर करू नका. तांबं असलेली औषधं तर विषच. अंगावर खवले नाहीत, नुसती त्वचा आणि चिकट आवरण. औषधाच्या बाटलीवरचा डोस खवल्यांच्या माशांसाठी लिहिलेला असतो.

आता पाणी. रे खातो खूप आणि घाण करतो त्याच्या दुप्पट. माशांच्या कल्ल्यांतून अमोनिया बाहेर पडतो. पाण्यात त्याची दोन रूपं असतात, एक तुलनेने निरुपद्रवी, दुसरं जहाल. ७ पीएचला २५ अंश तापमानात जहाल रूप अर्धा टक्क्याच्या आसपास असतं, ८ पीएचला तेच पाच टक्क्यांच्या वर जातं. म्हणजे तेवढ्याच अमोनियात दहापट विषारी पाणी. टँकरचं पाणी बहुधा बोअरचं, जड आणि ८ च्या आसपास पीएचचं. घोडबंदरी, तुमच्या टँकरचा पीएच आधी मोजा. दर टँकरला वेगळा निघेल, हा धोका तर आणखी मोठा.

घोडबंदरी
बाई, आज आलेल्या टँकरचा मोजला. ८.१. नळाचा ७.३. डोकं धरून बसलोय.

टाकीवेडा
बाईंनी जे सांगितलं तेच या छंदाचं खरं काम आहे. बाकी सगळं दाखवण्यापुरतं.

अमोनिया आणि नायट्राइट शून्य, नायट्रेट लिटरला २० मिलिग्रामच्या आत ठेवायचा माझा प्रयत्न असतो. त्यासाठी आठवड्याला ४० टक्के पाणी बदलतो. तुमच्या ८ × ३ टाकीत ते झालं ५४० लिटर, दर आठवड्याला, पावसाळा असो की मे महिना. नळाचं पाणी असेल तर क्लोरीन काढायला हायपो (सोडियम थायोसल्फेट). हायपोचं गणित वजनाने सात भागांना एक भाग क्लोरीन, पण आपण मापी चमच्याने नाही टाकत, म्हणून पाणी आदल्या दिवशी ड्रममध्ये भरून, हवा सोडून, त्यात हायपो घालून मगच टाकीत. आता ५४० लिटरचे ड्रम ठेवायला जागा कुठे, हाही प्रश्न आहे. काढलेलं पाणी झाडांना सोनं, तेवढं एक सुख.

फिल्टर म्हणजे संप. टाकीच्या पाण्याच्या चौथा-पाचवा हिस्सा तरी संप हवा, त्यात पुष्कळ बायो-मीडिया (जिवाणू बसायला सच्छिद्र तुकडे). टाकीला आधी पाच-सहा आठवडे चालवून अमोनिया मोडणारे जिवाणू बसू द्यायचे. तुमच्या अरोवानाच्या टाकीतला जुना मीडिया हलवला तर वेळ कमी होईल. हीटर संपमध्येच, टाकीत नाही, कारण रे हीटरवर जाऊन पडतो आणि पोट भाजून घेतो. तळाला बारीक मऊ वाळू किंवा काहीच नाही. दगडी चिप्स पोटाला घासतात आणि जखमा चिघळतात. सकर मासा सोबत नको, तो रात्री रेच्या पाठीला चिकटून आवरण खरवडतो.

खाणं: गांडूळ, सोललेली कोळंबी, तिलापियाचे तुकडे. फक्त कोळंबीवर ठेवू नका. काही कोळंबी आणि माशांत बी-१ जीवनसत्त्व मोडणारं द्रव्य असतं, महिनोन्‌महिने एकच दिलं की दुर्बळपणा येतो. मटण-बीफचं हृदय देतात काही जण, मी देत नाही, जमिनीवरच्या जनावराची चरबी यांना पचत नाही. पिल्लांना दिवसातून दोनदा.

आणि पिल्लू घेताना दुकानदाराला म्हणा, माझ्यासमोर खाऊन दाखव. वरून पाहिल्यावर शेपटीच्या मुळाशी दोन हाडांसारखे उंचवटे दिसत असतील तर ते उपाशी आहे. परतणं फार अवघड. डिस्कच्या कडा वर वळायला लागल्या असतील तर त्या पिल्लाची वेळ भरत आली आहे. दया येऊन ते विकत घेऊ नका, त्या जागी दुसरं येतं एवढंच.

वऱ्हाडी_भाऊ
भाऊ, आमच्या अकोल्यात मे महिन्यात नळाचं पाणीच चटका देते. मी रे नाई पाळत, डिस्कस पाळतो, पण गरमीचं सांगतो. पाणी २५ अंशाला असलं त लिटरमंधी ८ मिलिग्रामच्या वर ऑक्सिजन मावते, ३२ ला ७.३ च्या आसपास. तिकडं माशाचा श्वास वाढते अन् इकडं हवा कमी. वरतून पंखा लावला की पाणी उडून दोन-तीन अंश उतरते. आमच्याकडं कोरडं आहे म्हणून जमते, तुमच्या ठाण्याच्या दमटात तेवढं नाई जमायचं. मंग एसी. बिल कोन भरन?

निशिगंधा_अलिबाग
बिलाचा विषय निघाला म्हणून. १०० वॅटचा पंप चोवीस तास म्हणजे महिन्याला ७२ युनिट. ४० वॅटचा एअर पंप २९ युनिट. हिवाळ्यात ५०० वॅटचा हीटर दिवसाला सहा-सात तास जरी लागला तरी शंभर युनिट त्याचेच. हे दर महिन्याचं धरा.

पण बिलापेक्षा वीज जाणं वाईट. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर आमच्या रायगडात कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. पंप बंद पडला की मीडियातले जिवाणू काही तासांत गुदमरतात, आणि वीज आल्यावर तोच पंप ती सगळी घाण टाकीत ढकलतो. इन्व्हर्टरला १५० एएचची बॅटरी असेल तर नुकसान वजा जाता बाराशे-तेराशे वॅट-तास हाती येतात. पंप आणि हवा दोन्ही मिळून नऊ तास. फक्त एअर पंप ठेवला तर तीस तास. म्हणून इन्व्हर्टरवर पंखे-टीव्ही काही नाही, फक्त एअर पंपाची वेगळी लाइन. आणि त्या काळात खायला बंद.

घोडबंदरी
निशिगंधाताई, तुमचा प्रतिसाद बायकोला वाचून दाखवला. टीव्ही इन्व्हर्टरवरून जाणार हे ऐकून मत पक्कं होत चाललंय, कुठल्या बाजूला ते सांगायला नको.

दोन पिल्लं घेतली तर? एकमेकांना सोबत होईल.

टाकीवेडा
नर-मादी ओळखणं सोपं, नराच्या शेपटीच्या मुळाशी दोन बोटांसारखे अवयव असतात, पिल्लातही दिसतात. जोडी ठेवली तर नर मोठा झाल्यावर मादीच्या कडा चावून चावून फाडतो, मिलनाची रीतच ती. पळायला जागा नसेल तर मादी खंगते. सुमारे तीन महिन्यांनी थेट पिल्लं होतात, अंडी नाहीत. आता ती पिल्लं कोणाला देणार? ज्याच्याकडे चार फुटी टाकी आहे त्याला.

जीवशास्त्राच्या_बाई
एक भर: मादीच्या गर्भाशयाच्या भिंतीवरून धाग्यांसारखे उंचवटे निघतात आणि त्यातून पाझरणाऱ्या दुधासारख्या द्रवावर पिल्लं पोसतात. माझ्या आठवीच्या वर्गाला हे सांगितलं की पाच मिनिटं कोणी बोलत नाही.

कलम४९
वकील आहे, म्हणून कोरडी माहिती. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ ची दुरुस्ती झाली, १ एप्रिल २०२३ पासून लागू. साइट्स करारातल्या (वन्य प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचा करार) परदेशी प्रजातींसाठी चौथी अनुसूची आणि नवं प्रकरण आलं. त्या अनुसूचीतला जिवंत प्राणी ताब्यात असेल तर नोंदणी लागते. तिचे नियम फेब्रुवारी २०२४ चे, नोंद परिवेश पोर्टलवर. जन्म, मृत्यू, हस्तांतर सगळं कळवायचं.

रेंचं काय? नोव्हेंबर २०२२ मध्ये साइट्सच्या पनामाच्या बैठकीत ब्राझीलमधले सात नदीवासी रे परिशिष्ट २ मध्ये गेले. त्यात शिंगू नदीतला काळा-पांढरा ठिपकेवाला लिओपोल्डीही आहे, म्हणजे बाजारात 'ब्लॅक डायमंड' वगैरे नावाने फिरणाऱ्यांचा मूळ पुरुष. तेव्हा बिलावर शास्त्रीय नाव लिहून घ्या आणि पैसे द्यायच्या आधी ताजी अनुसूची वनविभागाकडून तपासून घ्या. दुकानदार 'फार्म-ब्रीड आहे, काही लागत नाही' म्हणाला तर ते लेखी द्यायला सांगा. सहसा देत नाही.

उगाच_एक
संकर असेल तर बिलावर काय लिहिणार, आईचं नाव की बापाचं?

कलम४९
विनोद म्हणून ठीक आहे, पण विकणाऱ्यांचा अर्धा माल संकरच असतो. म्हणूनच सांगतोय.

टाकीवेडा
लिओपोल्डी फक्त शिंगू आणि तिच्या फाट्यांत सापडतो, आणि त्याच नदीवर बेलो मॉन्ते धरण झालंय. थायलंड, तैवान, इंडोनेशियातल्या फार्मवर पैदास होते हे एका परीने बरं. पण फार्मवाल्यांनी रंगासाठी इतकं मिसळलंय की नदीतला मूळ रे कसा दिसतो हे नव्या पोरांना माहीत नाही. मला त्या भडक संकरांचं आकर्षण कधी वाटलं नाही. असो, विषयांतर.

बुकित_तिमा
सिंगापूरहून. इथे अप्पर सेलेतार जलाशयात मोटोरो रे मोकळे राहतात आणि वाढतात, पिल्लंही देतात. दक्षिण अमेरिकेतून ते आपोआप आले नाहीत, कोणीतरी टाकी रिकामी केली. तिथे आता हा प्राणी कायमचा आहे.

पाण्याची वाट मोकळी झाली की हे कुठवर जातात याचं उदाहरण ब्राझीलमध्येच आहे. पराना नदीवर इताइपू धरण झालं, १९८२ मध्ये ग्वाइराचे प्रचंड धबधबे जलाशयात बुडाले. तोवर ते धबधबे रेंना अडवत होते. ते बुडाले आणि रे वरच्या खोऱ्यात शिरले, जिथल्या लोकांना काटा म्हणजे काय ठाऊकच नव्हतं.

तुमच्या उजनीत सकर मासा आधीच आहे. त्यात भर नको.

घोडबंदरी
सगळ्यांचे आभार. हॉलचा विषय मिटला. बीमकॉलम यांचा आकडा आणि टँकरचा ८.१, दोन्ही पुरेसे आहेत.

पण नवीन कल्पना: मेव्हण्याचं कर्जतला घर आहे, जमीन आहे. तिथे अंगणात तळं केलं तर? वजनाची चिंता नाही, विहिरीचं पाणी आहे, जागा हवी तेवढी.

बुकित_तिमा
घर उल्हास नदीपासून किती लांब?

घोडबंदरी
चालत पाच मिनिटं. का?

बुकित_तिमा
२७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्सप्रेस वांगणीजवळ पुरात अडकली होती, आठवतंय? ती उल्हास. उघडं तळं भरून वाहिलं की रे नदीत, आणि मग बदलापूर, कल्याण.

वेसावकर
आनि तिथून खाडी. मंग आमच्या जाळ्यात आली की तिचा मालक कोन विचारायचं?

टाकीवेडा
उघडं तळं नको. पण कल्पना अगदी टाकाऊ नाही. जोत्यावर शेड बांधून आत सिमेंटचा हौद, कडा जमिनीपासून तीन फूट वर, म्हणजे पुराचं पाणी सहजी ओलांडणार नाही. बरेच फार्मवाले रे अशाच हौदांत ठेवतात. १० × ५ फूट, पाणी दीड फूट. एका रेला तो आयुष्यभर पुरेल. अडचण एकच, तुम्ही ठाण्यात. रोज कोण बघणार? पाणी कोण तपासणार? पंप बंद पडला हे रात्री दोन वाजता कोणाला कळणार? मेव्हण्याला मासे आवडतात का?

घोडबंदरी
मेव्हणे तिथेच राहतात, कुक्कुटपालन करतात, जनावरांची सवय आहे. काटा आणि गरम पाण्याचं त्यांना वाचून दाखवलं, ते म्हणाले सापापेक्षा बरा. विहिरीचा पीएच ७.४ आला. कन्येला सांगितलंय की मासा मामाकडे असेल आणि सुट्टीत भेटेल. तिने अट घातली की नाव ती ठेवणार.

हौद जूनच्या आधी बांधून होईल. पिल्लू दिवाळीनंतरच बघू. हौद नवीन असेल तर काही वेगळी काळजी?

जीवशास्त्राच्या_बाई
नव्या सिमेंटमधून चुना सुटतो, पीएच ९-१० च्या वर जातो. वर लिहिलेलं अमोनियाचं गणित आठवा. भरून ठेवा, आठवड्याने उपसा, परत भरा, असं पीएच विहिरीच्या पाण्याइतका येईपर्यंत. पिण्याच्या टाक्यांना चालतं तसं इपॉक्सी आतून लावलं तर हे लवकर संपेल.

बीमकॉलम
आणि तळाला उतार द्या, दहा फुटांत दोन इंच, बुडाशी आउटलेट. कोपरे गोल घ्या, घाण साचत नाही. आतली फिनिश लोखंडी थापीने गुळगुळीत, नाहीतर रेचं पोट खरचटेल. आउटलेटवर जाळी भोकं असलेल्या पीव्हीसीची, तारेची नाही. गवंड्याला काम सांगण्याआधी इथे एक कच्चं रेखाचित्र टाका, मापं बघून देतो.